कुत्र्याचं ‘तोंड आलंय’ असं वाटतं तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. ब्रूनो, नऊ वर्षांचा लॅब्रॅडोर. आठ दिवसांपासून तोंडाला घाण वास, हनुवटी लाळेनं ओली, जिभेच्या दोन्ही कडांना आणि गालाच्या आत पांढरट-पिवळे चट्टे. वाटी समोर ठेवली की येतो, वास घेतो आणि तोंड फिरवतो. उष्णतेनं तोंड आलं असेल असं शेजारी कुणी म्हणालं, म्हणून तुम्ही ताकात सब्जा घालून दिलात, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सुरू केल्यात आणि माणसांची तोंडाला लावायची जेल चार दिवस चोळलीत. फरक नाही. आता कुठलं औषध लावू आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करू, असं विचारलंय. आणि जाता जाता लिहिलंय, ‘बाकी ठीक आहे, पाणी तर हल्ली भरपूर पितो.’

मी त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. कारण पुढे सांगतो, पण घाई त्याचीच आहे म्हणून आधी एवढंच करा: जेल आज बंद करा आणि उद्या सकाळी ब्रूनोचं रक्त आणि लघवी तपासून घ्या. बाकीचं उत्तर रात्री निवांत वाचलंत तरी चालेल.

आपल्याला तोंड येतं तेव्हा ते बहुतेक वेळा आपोआप बरं होतं. जागरण झालं, परीक्षा होती, गाल दाताखाली आला, पोट साफ नव्हतं. कारण काहीही असो, आठ-दहा दिवसांत फोड जातो. त्यामुळे ‘तोंड आलंय’ हे आपल्याकडे आजाराचं नावच झालंय. कुत्र्याच्या बाबतीत हे नाव फसवं ठरतं. माणसांना येतात तसे साधे, स्वतःहून येणारे-जाणारे फोड मी २६ वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कुत्र्यांत जवळजवळ पाहिलेलेच नाहीत. कुत्र्याच्या तोंडात व्रण दिसला की त्याच्यामागे काहीतरी असतं: दात, मूत्रपिंड, अडकलेलं हाड, फरशीवरचं औषध, गाठ. व्रणावर काय लावायचं हा त्यामुळे दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की व्रण नेमका कुठे आहे. जागा कळली की निम्मं निदान झालं असं मी माझ्या दवाखान्यातल्या शिकाऊ डॉक्टरांना सांगतो.

पण ओठ उचलायच्या आधी एक गोष्ट, आणि ती मी प्रत्येक वेळी सांगतो. ब्रूनोची रेबीजची लस दरवर्षी वेळेवर झालीय असं तुम्ही लिहिलंय, म्हणूनच त्याचं तोंड बघा असं मी म्हणू शकतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या, लस न झालेलं पिल्लू घरी आणणाऱ्या मंडळींनी इथे थांबून वाचावं. लाळ गळतेय, खालचा जबडा लोंबतोय, पाणीसुद्धा गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, वागणं बदललंय, असा कुत्रा बघून नव्वद टक्के लोक म्हणतात की घशात हाड अडकलंय, आणि हात घालतात. रेबीज असाच दिसतो. तिथे हात घालायचा नाही, कितीही माया असली तरी. तशी लाळ हातावरच्या ताज्या ओरखड्याला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली, तर ती चावण्याइतकीच गंभीर धरतात. जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं. लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. माझ्याकडच्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी ही लस आधीच घेतलेली आहे, तरीही असा कुत्रा आला की आम्ही हातमोज्यांशिवाय जवळ जात नाही.

आता ब्रूनोचं तोंड. उजेडात, दाराजवळ बसवा. सुरुवातीला तोंड उघडायचा प्रयत्न करू नका, बंदच राहू द्या. एका हातानं डोकं धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं वरचा ओठ सुळ्यापाशी उचला, मग तो ओठ हळूहळू मागे, गालाकडे सरकवत न्या. शेवटच्या दाढेपर्यंत दिसलं पाहिजे. दुसरी बाजू तशीच. कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च धरून फोटो काढायला सांगा, कारण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुत्रा तोंड उघडू देईलच असं नाही. जमलं तर तोंड थोडं उघडून खालून, दोन जबड्यांच्या मधल्या मऊ जागेत, अंगठ्यानं वर दाब द्या. जीभ उचलली जाते आणि खालची बाजू दिसते. कुत्रा ओरडला, गुरगुरला तर लगेच सोडा. दुखणाऱ्या तोंडाचा सगळ्यात गरीब कुत्राही चावतो. (जिभेवर किंवा हिरड्यांवर सपाट काळे डाग दिसले तर घाबरू नका, आपल्या गावठी कुत्र्यांत ते जन्मजात असतात. उंचावलेला किंवा रक्ताळणारा काळा भाग मात्र दाखवा.)

काय दिसतं त्यावरून असं वाचायचं. व्रण जिभेच्या शेंड्यावर, ओठांच्या पुढच्या भागावर असेल, तर कुत्र्यानं काहीतरी चाटलंय किंवा चावलंय. व्रण गालाच्या आतल्या बाजूला, बरोबर एखाद्या दातासमोर असेल, तर दात तपासायचा. एकाच बाजूला, एकच, आणि बाकी तोंड स्वच्छ असेल, तर अडकलेली वस्तू, तुटलेला दात किंवा गाठ. टाळूवर असेल तर आडवं बसलेलं हाड, किंवा पिल्लात खालचा सुळा वाकडा उगवून टाळूत रुतत असतो. तोंडासोबत नाकाचा शेंडा, पापण्यांच्या कडा, नखांची मुळं, गुदद्वाराजवळची कातडीही सोलत असेल, तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटलेली असू शकते. आणि दोन्ही बाजूंना, जिभेच्या कडांवर, सोबत उग्र वास आणि वजन उतरलेलं असेल, तर मूत्रपिंड. या खुणा एकमेकींत मिसळतात, हे मान्य. दातांमुळे होणारे व्रणही जिभेच्या कडेला येतात. म्हणून नुसत्या फोटोवरून मी ब्रूनोचं निदान करणार नाही, फक्त कुठल्या दाराशी आधी जायचं ते सांगतो.

ब्रूनोच्या बाबतीत मला मूत्रपिंडाचं दार आधी ठोठवावंसं वाटतं. वय नऊ, दोन्ही कडांना चट्टे, आणि पाणी जास्त. पाणी भरपूर पितो हे आपल्याला चांगलं लक्षण वाटतं. पण म्हाताऱ्या होत चाललेल्या कुत्र्यानं अचानक वाटीवर वाटी संपवायला सुरुवात केली, रात्री लघवीला उठवायला लागला, तर मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाहीये असा त्याचा एक अर्थ निघतो. पाणी वाहून जातं म्हणून तहान लागते. मधुमेहातही तहान वाढते, आणखीही दोन-तीन कारणं आहेत, पण ती सगळी त्याच रक्त-लघवीत कळतात.

मूत्रपिंडाचा आणि तोंडाचा संबंध असा. रक्तातलं युरिया, म्हणजे शरीरातला टाकाऊ पदार्थ, बाहेर टाकलं गेलं नाही की ते लाळेतही उतरतं. तोंडातले जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. तोच तो वास, बंद पडलेल्या मुतारीसारखा. दातांच्या सडक्या वासापेक्षा वेगळा, एकदा ओळखला की विसरत नाही. अमोनिया आतली नाजूक त्वचा भाजतो आणि व्रण पडतात. कधी जिभेची कड काळी पडून गळून जाते. क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं असा आणखी एक टाकाऊ पदार्थ) रक्तात वाढलेलं दिसतं तेव्हा मूत्रपिंडाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग निकामी झालेला असतो, म्हणून लघवीची घनता तपासणं तितकंच महत्त्वाचं आहे. ती आधी बिघडते. तपासणी करताना लघवी राहूनच जाते असा माझा अनुभव आहे. तुम्ही मागून घ्या.

आणखी एक धागा तुमच्याच प्रश्नातला. वाटीपाशी येतो, वास घेतो आणि तोंड फिरवतो, असं लिहिलंय. तोंड दुखणाऱ्या कुत्र्याला भूक असते. तो घास तोंडात घेतो, मान वाकडी करून एका बाजूनं चावायला बघतो, टाकतो, पुन्हा उचलतो, कधी कळवळून ओरडतो. ब्रूनो घासापर्यंतच जात नाही. वासानंच मागे फिरणं, ओठ चाटत राहणं, गवत खाणं हे मळमळीचं लक्षण जास्त असतं. मळमळ पोटातून आणि रक्तातून येते, जिभेवरच्या चट्ट्यातून नव्हे. म्हणूनच जेल लावून जेवण सुरू झालं नाही.

तुम्ही कोकणातल्या गावाचा उल्लेख केलाय आणि सध्या पाऊस आहे, म्हणून लेप्टोस्पायरोसिसचंही नाव घेतो. उंदराच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरणारा हा जंतू कुत्र्याचं मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही काही दिवसांत बिघडवतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये त्याची साथ आली होती हे अनेकांना आठवत असेल. कुत्री त्याच पाण्यातून चालतात आणि तेच पाणी पितात. ताप, उलट्या, डोळ्यांत आणि हिरड्यांवर पिवळेपणा, आणि मग तोंडात व्रण, असा क्रम असेल तर एक दिवसही थांबू नका. लवकर प्रतिजैविक आणि सलाइन मिळालं तर यातून कुत्री पूर्ण बरी झालेली मी पाहिली आहेत. तोवर त्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करा, कारण हा आजार माणसाला होतो.

समजा रक्त-लघवी स्वच्छ आली. मग दुसरं दार दातांचं, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त कुत्री तिथेच सापडतात. कुत्र्याच्या दातांवर रोज एक चिकट, डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. घासला नाही तर तीन-चार दिवसांत त्याचं कडक कीटण व्हायला लागतं. वरच्या जबड्यात गालाकडे जी सगळ्यात मोठी दाढ असते, तिच्याजवळ लाळेची नळी उघडते, त्यामुळे कीटण तिथेच सर्वांत जाड असतं. काही कुत्र्यांचं शरीर या थरावर फार चिडतं. दात गालाला किंवा जिभेला जिथे जिथे टेकतो तिथे त्वचा सोलून निघते. ओठ उचलला की दाताचा शिक्का गालावर उमटावा तसा व्रण बरोबर समोर दिसतो. ओठ सोडला की दात पुन्हा त्याच्यावरच जाऊन बसतो. माल्टीज आणि कॅव्हेलिअर स्पॅनिअल यांच्यात हे जास्त, पण लॅब्रॅडोरमध्येही होतं. यात वेदना प्रचंड असतात. मालक म्हणतात म्हातारा झाला, खेळत नाही, आणि तोंड बरं झालं की तोच कुत्रा चप्पल पळवायला लागतो.

याचा इलाज लावण्याच्या औषधात नाही. पूर्ण भूल देऊन हिरडीच्या खालपर्यंत दात स्वच्छ करायचे, दातांचे एक्स-रे काढायचे, खराब दात आणि व्रणाला सतत टेकणारे दात गरजेप्रमाणे काढायचे, आणि नंतर घरी रोज घासायचे. हा शेवटचा भाग चुकला तर पहिले तिन्ही वाया जातात. व्रण परत येतात. दात काढायचं म्हटलं की लोक हळहळतात, पण दात नसलेला कुत्रा मऊ जेवण मजेत जेवतो. इथे एक सांगतो: ग्रूमिंगच्या दुकानात भूल न देता ‘स्केलिंग’ करून देतात, ते करू नका. दात पांढरे दिसतात, आजार हिरडीखाली तसाच राहतो, आणि सगळं ठीक आहे या समजुतीत वर्ष निघून जातं.

अडकलेल्या वस्तूंबद्दल बोलायलाच हवं, कारण त्यातला एक कुत्रा मी विसरू शकत नाही. पॉमेरेनियन, सहा वर्षांचा. तीन आठवडे ‘तोंड आलंय’ म्हणून दोन ठिकाणी उपचार झालेले: जीवनसत्त्वं, प्रतिजैविकं, जेल. पंजानं सारखा तोंड ओरबाडायचा, म्हणून खाजेचं इंजेक्शनही झालेलं. थोडी भूल देऊन तोंड पूर्ण उघडलं. टाळूवर, दोन्ही बाजूंच्या दाढांच्या मधे, पुलासारखं आडवं बसलेलं कोंबडीचं हाड. वर लाळेचा आणि अन्नाचा राखाडी थर चढल्यानं ते टाळूचाच भाग वाटत होतं. चिमट्यानं एका टोकाला धरून फिरवलं तसं ते सुटलं. खाली टाळूत बोट बसेल एवढी खाच पडली होती. मिठाच्या कोमट पाण्यानं धुतलं, पाच दिवस वेदनाशामक दिलं, दुसरं काही नाही. शुद्धीवर आला त्याच संध्याकाळी दहीभात खाल्ला. तीन आठवड्यांत कुणी त्याचं तोंड पूर्ण उघडून पाहिलं नव्हतं, इतकंच घडलं होतं. पंजानं तोंड ओरबाडणं हे लक्षण दिसलं की मला आजही आधी ते हाड आठवतं. नळीच्या हाडाचं कडं खालच्या सुळ्यांमागे अडकतं, जिभेच्या मुळाशी दोरा गुंडाळतो, गवताचं कुसळ हिरडीत शिरतं, हे सगळं याच गटातलं. दोरा दिसला तर ओढू नका, त्याचं दुसरं टोक आतड्यात असू शकतं.

चाटण्यामुळे होणारे व्रण बहुधा पिल्लांत. फरशी पुसायच्या पाण्यात फिनाइल किंवा जंतुनाशक जास्त पडतं, फरशी ओली असते, पिल्लू चालतं, मग पंजे चाटतं. माझ्याकडे असं एक साडेतीन महिन्यांचं पिल्लू आलं होतं. घरी पाहुणे यायचे म्हणून त्या दिवशी औषध दुप्पट टाकलं होतं. सकाळी फरशी पुसली, संध्याकाळपर्यंत जिभेचा पुढचा भाग कच्च्या मांसासारखा लाल. या रसायनांचा परिणाम काही तासांनी दिसतो, म्हणून कारण आणि परिणाम यांची जोडी घरात कुणाला लागत नाही. असं झालं तर तोंड आणि पंजे भरपूर साध्या पाण्यानं धुवा, उलटी करवू नका (वर येताना पुन्हा भाजतं), आणि बाटलीवरच्या लेबलचा फोटो काढून दवाखान्यात या. विजेची वायर चावली असेल तर ओठांच्या कोपऱ्यात पांढरट-पिवळा भाजल्याचा डाग दिसतो. तिथे व्रणापेक्षा फुप्फुसाची काळजी मोठी, कारण दीड दिवसापर्यंत फुप्फुसात पाणी साठू शकतं. पिल्लू खेळतंय म्हणून घरी ठेवू नका.

बाल्कनीतल्या कुंड्याही बघा. डिफेनबाखिया, मनीप्लांट, दारातलं अळू या सगळ्यांत सुईसारखे ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात. अळूच्या फतफत्यात चिंच का घालतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कुत्रा ते पान कच्चंच चावतो. लाळेची धार लागते, ओठ सुजतात, पण थंड पाणी आणि दही दिलं की बहुधा त्याच दिवशी उतरतं. पावसाळ्यात केसाळ सुरवंट तोंडात धरणारी कुत्रीही येतात, त्यांची जीभ जास्त सुजते. त्यांना दवाखान्यातच आणा.

गाठींबद्दल थोडक्यात, पण नीट वाचा. दोन वर्षांच्या आतल्या कुत्र्याच्या ओठांवर फुलकोबीसारखे पांढरट मस उगवले तर ते विषाणूचे असतात, दोन-तीन महिन्यांत बहुतेक आपोआप झडतात, माणसाला होत नाहीत. रस्त्यावरून घरी आणलेल्या कुत्र्याच्या तोंडात किंवा नाकात रक्ताळलेली, ठिसूळ वाढ असेल तर आपल्याकडे खूप आढळणारा एक संसर्गजन्य ट्यूमर असू शकतो. तो बहुधा जननेंद्रियावर होतो, चाटण्या-हुंगण्यातून तोंडात पोचतो. आठवड्याला एक अशी साधारण चार ते सहा इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री ठणठणीत होतात, म्हणून नाव ऐकून हाय खाऊ नका. वाईट बातमी असते ती म्हाताऱ्या कुत्र्यातल्या मेलॅनोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) आणि तत्सम कॅन्सरची. सुरुवातीला तो साधा न भरणारा व्रणच दिसतो, आणि मेलॅनोमा नेहमी काळा असतो असंही नाही. बाकीचे दात घट्ट आणि एकच दात हलतोय, ही खूण मला सगळ्यात जास्त घाबरवते. माझा नियम साधा आहे: कारण सापडलं नाही आणि व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. खासगी खर्च झेपत नसेल त्यांनी परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत विचारावं.

याच कारणासाठी स्टेरॉइडच्या इंजेक्शनची घाई करू नका. ते दिलं की दुसऱ्या दिवशी कुत्रा जेवतो, सगळे खूश होतात. पण तुकडा तपासण्याआधी दिलं तर खरा आजार झाकला जातो, आणि वेदनाशामकासोबत दिलं तर जठरात व्रण पडून रक्त जातं. प्रतिकारशक्तीच्या आजारात मीही स्टेरॉइड देतो, महिनोन्‌महिने देतो. निदानानंतर.

आता जेलबद्दल, कारण बाकीच्यांच्या घरीही ती असेल. माणसांच्या बऱ्याच जेलमध्ये सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचंच भावंड. आपण ती लावून थुंकतो, कुत्रा सगळी गिळतो. आजारी मूत्रपिंडावर तो भार नको. काहींत गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतं आणि यकृत बिघडवतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घरातून देऊ नका. लवंग तेल, तुरटी, बोरिक पावडर उघड्या व्रणावर आग करतात. कुत्र्याला तुम्ही जवळ आलात की दुखतं एवढंच त्यातून कळतं, आणि पुढे दात घासूच देत नाही.

बी-कॉम्प्लेक्स हानिकारक नाही, पण त्यामागची समजूत कुठून आली ते सांगतो, कारण तिच्यात आपल्या दख्खनचा भाग आहे. कुत्र्यांत ‘काळी जीभ’ नावाचा आजार पूर्वी खरंच होता. तोंड सोलायचं, लाळ गळायची, कुत्रा मरायचा. १९३७ मध्ये अमेरिकेत कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी दाखवलं की तो निकोटिनिक ॲसिडच्या, म्हणजे एका बी-जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होतो. पुढे १९६० च्या दशकात हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी फक्त ज्वारीप्रधान आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांत तीच काळी जीभ निर्माण होते हे दाखवलं. दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरीब माणसांना होणारा पेलाग्रा, म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा माणसांतला आजार, ते समजून घेत होते. म्हणून शेतावरच्या, नुसत्या कोरड्या भाकरीवर जगणाऱ्या कुत्र्याचं तोंड आलं तर मी आजही आहार विचारतो. भाकरीसोबत दूध, अंडं, मांसाचे तुकडे मिळत असतील, किंवा ब्रूनोसारखं तयार खाणं मिळत असेल, तर ही कमतरता होत नाही. गावाकडून आणखी एक प्रश्न दरवर्षी येतो: गोठ्यात लाळ्या-खुरकूत आलंय, कुत्र्याला होईल का? होत नाही, तो दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा आजार आहे. कुत्र्याच्या पायांना लागून विषाणू दुसऱ्या गोठ्यात जाऊ शकतो, म्हणून त्या दिवसांत त्याला बांधून ठेवा.

तपासण्या होईपर्यंत घरी काय करायचं? जेवण मऊ आणि कोमट: मऊ भात, त्यात उकडलेल्या चिकनचं बिनमिठाचं पाणी, कांदा-लसूण अजिबात नाही. गरम नको, कडक नको. हाताच्या बोटावरून चाटवलं तर पुष्कळदा घेतात. पाणी अडवू नका. लघवी जास्त होते म्हणून पाणी कमी करणारे लोक असतात, त्यानं मूत्रपिंड आणखी बिघडतं. दिवसातून दोनदा, जेवणानंतर, मिठाचं पातळ कोमट पाणी सिरिंजनं (सुई काढून) गालाच्या बाजूनं सोडा, मान खाली ठेवून, म्हणजे ते बाहेर वाहील. क्लोरहेक्सिडिन (तोंड धुवायचं जंतुनाशक) वापरायचं असेल तर कुत्र्यासाठी ०.१२ टक्क्यांचं, अल्कोहोल आणि झायलिटॉल नसलेलं, डॉक्टरांना दाखवून. सुक्राल्फेटचं पातळ औषध व्रणावर थर धरतं आणि जेवायच्या आधी दिलं तर आराम पडतो, पण ते इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवावं लागतं, हेही डॉक्टरांकडूनच. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर व्रणाची वेगळी काळजी फारशी लागत नाही. सलाइन, मळमळीचं औषध, कमी फॉस्फरसचा आहार यांनी युरिया खाली आलं की तोंड मागोमाग भरतं. किती खाली येईल आणि किती काळ टिकेल, ते रिपोर्ट बघूनच सांगता येईल. जुनाट आजार पूर्ण बरा होत नाही, पण नीट सांभाळलेली कुत्री त्यानंतरही चांगली जगलेली माझ्याकडे आहेत.

पुन्हा होऊ नये म्हणून जे करायचं त्यात मी सगळ्यात वर ब्रश ठेवतो. रोज, फक्त बाहेरच्या बाजूनं, तीस-चाळीस सेकंद. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ करते. ब्रश नको असेल तर बोटाला गॉझ गुंडाळून. पेस्ट कुत्र्यांचीच, आपली नाही, कारण ते थुंकत नाहीत. ब्रूनोचं तोंड आत्ता दुखतंय, तर आत्ता सुरू करू नका. पूर्ण भरल्यावर आधी आठवडाभर नुसता ओठ उचलायचा आणि खाऊ द्यायचा, मग पुढचं. शिजवलेली हाडं बंद. खूर, शिंग, कडक नळ्याही बंद. त्यांनी वरची मोठी दाढ उभी चिरते आणि काही महिन्यांनी डोळ्याखाली सूज येऊन पू वाहतो. चघळायला द्यायचं ते नखानं दाबलं तर थोडं दबणारं असावं. लेप्टोची लस दरवर्षी, पावसाआधी. फरशीच्या औषधाचं प्रमाण लेबलप्रमाणे, आणि फरशी वाळेपर्यंत कुत्रा दुसऱ्या खोलीत. सातव्या वर्षानंतर वर्षातून एकदा रक्त-लघवी. आणि महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा, ओठ उचलून पाहणं.

उद्या जाताना उपाशीपोटी न्या, पाणी चालेल. पहिल्या लघवीच्या वेळी स्वच्छ, कोरडी पळी धारेखाली धरा आणि ती लघवी औषधाच्या दुकानातून आणलेल्या निर्जंतुक डबीत भरा. दोन तासांत पोचली पाहिजे. लसीचं कार्ड, जेलची ट्यूब आणि आज काढलेले फोटो सोबत असू द्या. आणि आज रात्रीपासून पाणी मोजा: बाटलीनं मोजून वाटीत घाला, चोवीस तासांनी उरलेलं वजा करा. त्याच्या वजनाच्या दर किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त निघालं तर ते नक्की जास्त आहे. तो आकडा, क्रिएटिनिन, फॉस्फरस आणि लघवीची घनता, हे चार आकडे मला इथेच कळवा, मग पुढचं बोलू.